वाचकांचे प्रश्न : पहिला इंडेक्स फंड निवडताना

इंडेक्स फंड म्हणजे निफ्टी, सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातल्या कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेऊन ठेवणारा म्युच्युअल फंड. अशा फंडांविषयी या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच होता : 'कोणता फंड घ्यावा, तेवढे नाव सांगा.' एखाद्या फंडाचे नाव मी सांगितलेले नाही, कारण एकाच निर्देशांकावर चालणाऱ्या दोन फंडांत फरक फार थोडा असतो. निर्देशांक कोणता, वर्षाला खर्च किती आणि पैसे किती वर्षे हलवायचे नाहीत, हे ठरले की नावाचा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. या अंकात पाच पत्रांना उत्तरे दिली आहेत. वाचकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

शिक्षिका, सांगली : मी तीन वर्षांपासून दरमहा चार हजार रुपयांची एसआयपी करते. सगळे पैसे एकाच ठिकाणी नकोत म्हणून चार इंडेक्स फंडांत हजार-हजार रुपये विभागले आहेत. खात्याचा उतारा सोबत पाठवत आहे. चारांपैकी चांगला कोणता आणि पाचवा घ्यावा का?

तुमचा उतारा मी नीट वाचला. त्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे निफ्टी ५० फंड आहेत, तिसरा सेन्सेक्सचा आणि चौथा निफ्टी १०० चा. आता प्रत्येक फंडाने तुमच्या हजार रुपयांतून काय विकत घेतले ते पाहा. पहिल्या दोन फंडांनी त्याच पन्नास कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेतले. सेन्सेक्समध्ये तीस कंपन्या असतात आणि त्या जवळपास सगळ्या निफ्टी ५० मध्येही असतात. निफ्टी १०० मध्ये निफ्टीच्या पन्नास कंपन्या अधिक त्यांच्या खालच्या पन्नास असतात, पण प्रत्येक कंपनीचा वाटा तिच्या आकारावर ठरत असल्याने पैशाचा मोठा भाग पुन्हा वरच्या पन्नासांतच जातो. तेव्हा पैसे चार ठिकाणी विभागले गेल्याचे उताऱ्यावर दिसत असले, तरी ते बहुतांशी एकाच ठिकाणी पोहोचले आहेत. त्यात धोका काही नाही, परंतु उपयोगही नाही, आणि चार फोलिओ, म्हणजे फंडांची खाती, सांभाळण्याचा व्याप मात्र तुमच्या मागे लागला आहे.

तुमची विभागणीची इच्छा योग्यच होती. ती एका फंडाच्या आतच पूर्ण झालेली आहे, हे तुम्हाला कोणी सांगितले नाही एवढेच. निफ्टी ५० हा निर्देशांक १९९६ मध्ये सुरू झाला आणि ३ नोव्हेंबर १९९५ या दिवसाची पातळी १००० धरून तो मोजला जातो. कंपनीच्या एकूण बाजारमूल्यातून प्रवर्तकांकडचे शेअर वगळून जे खुल्या बाजारात फिरतात, त्यांच्या मूल्यानुसार तिचे वजन ठरते. त्यामुळे तुम्ही शंभर रुपये घातले, तर सर्वांत मोठ्या कंपनीच्या वाट्याला त्यातले दहा रुपये किंवा त्याहूनही अधिक जाऊ शकतात आणि तळाच्या कंपनीला एक रुपयाही मिळत नाही. बँका आणि वित्तसंस्था मिळून सुमारे एक तृतीयांश जागा व्यापतात. हे वजन तुम्हाला जास्त वाटत असेल, तर त्यावर आणखी एक निफ्टी फंड हा उपाय नव्हे. फार तर निफ्टी नेक्स्ट ५० या, म्हणजे पहिल्या पन्नासांनंतरच्या पन्नास कंपन्यांच्या निर्देशांकात थोडा भाग ठेवता येतो. मात्र तो निफ्टीपेक्षा अधिक हेलकावे खातो, म्हणून नव्या गुंतवणूकदाराने हजारातले दोनशे रुपये त्यात घातले तरी पुष्कळ झाले.

आता काय करावे ते सांगतो. पाचवा फंड घेऊ नये. दोन निफ्टी फंडांपैकी एकाच्या नावापुढे 'रेग्युलर' असे लिहिलेले आहे, दुसऱ्याच्या पुढे 'डायरेक्ट'. रेग्युलरमध्ये वितरकाचे कमिशन कापले जाते, डायरेक्टमध्ये ते नसते. डायरेक्ट असलेला चालू ठेवून सगळे चार हजार त्यात वळवावेत आणि उरलेल्या तीन एसआयपी बंद कराव्यात. एसआयपी बंद करणे म्हणजे विकणे नव्हे, तेव्हा जुने युनिट, म्हणजे फंडातले तुमचे हिस्से, आहेत तिथे राहू द्या. ते विकून एकत्र करावे असे वाटलेच, तर कराचा हिशेब असा आहे : २३ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार, बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या युनिटांवरचा नफा एका आर्थिक वर्षात सव्वा लाख रुपयांपर्यंत करमुक्त आहे आणि त्यावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो. बारा महिन्यांच्या आत विकल्यास नफ्यावर वीस टक्के. एसआयपीच्या प्रत्येक हप्त्याचे वर्ष वेगळे मोजले जाते, म्हणून गेल्या बारा महिन्यांतल्या युनिटांना तूर्त हात लावू नये. तुमची एकूण गुंतवणूकच १ लाख ४४ हजारांची आहे. तेव्हा जुन्या युनिटांवरचा नफा सव्वा लाखाच्या पुष्कळ आत असणार, आणि दुसरीकडे कुठे शेअर किंवा इक्विटी फंड विकले नसतील, तर कर लागणार नाही. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणे हीदेखील करासाठी विक्रीच मानली जाते, एवढे ध्यानात असू द्यावे.

लेथ ऑपरेटर, चाकण : माझा सहकारी म्हणतो की नवीन निफ्टी फंडाचे युनिट दहा रुपयांना मिळत आहे, तर जुन्या फंडाचे युनिट १६० रुपयांना, स्वस्त असताना घेऊन ठेवावे. शिवाय अॅपवर पाहिले तर निफ्टीच्या नावाचे इतके फंड दिसतात की डोके चालेनासे होते. कसे निवडायचे?

दहा रुपयांच्या युनिटाचा मोह फार जुना आहे आणि त्यापायी अनेकांनी चांगला फंड सोडून नवा धरलेला मी पाहिला आहे. आठ हजार रुपये घ्या. दहा रुपयांच्या फंडात ८०० युनिट मिळतील, १६० च्या फंडात ५०. निफ्टी दहा टक्के चढला की पहिल्या युनिटाचे ११ रुपये होतील आणि दुसऱ्याचे १७६. आठशे गुणिले ११ म्हणजे ८,८००, आणि पन्नास गुणिले १७६ म्हणजेही ८,८००. युनिटची किंमत, ज्याला एनएव्ही म्हणतात, ती फंड किती वर्षांपूर्वी सुरू झाला एवढेच सांगते. उलट जुन्या फंडाने आपला निर्देशांक किती काटेकोरपणे पाळला याची नोंद पाहायला मिळते, नव्याची मिळत नाही. तुम्ही जॉब घेताना मशीनची जुनी रीडिंग पाहता, तसेच हे.

निवडताना पहिली खात्री निर्देशांकाच्या पूर्ण नावाची करावी. 'निफ्टी ५०' आणि 'निफ्टी ५० इक्वल वेट' हे दोन वेगळे निर्देशांक आहेत. दुसऱ्यात पन्नासही कंपन्यांना सारखे वजन असते. 'निफ्टी ५० व्हॅल्यू २०' तर वीसच कंपन्यांचा आहे. 'निफ्टी' या शब्दाने सुरू होणारे बँका, औषधे, आयटी अशा एकेका क्षेत्राचेही निर्देशांक आहेत. तुम्ही पहिल्यांदाच गुंतवणूक करत असाल, तर नावात ५० नंतर दुसरा कोणताही शब्द नसलेला फंड घ्यावा. क्षेत्राचे फंड नुकतेच चढलेले असतात तेव्हाच त्यांची जाहिरात होते, म्हणून त्यांच्यापासून तुम्ही दोन हात दूर राहावे असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर खर्च. फंड कंपनी आपला वार्षिक खर्च युनिटच्या किमतीतूनच रोज थोडाथोडा कापून घेते, त्यामुळे त्याची पावती कधी हातात येत नाही आणि तो जाणवतही नाही. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचा डायरेक्ट प्लॅन उपलब्ध आहे, ज्यात वितरकाचे कमिशन नसते. निफ्टी ५० च्या डायरेक्ट प्लॅनचा खर्च साधारण ०.१ ते ०.३ टक्के असतो. हे आकडे क्षुल्लक वाटतात, म्हणून वीस वर्षांचा हिशेब मांडतो. एक लाख रुपये एकरकमी ठेवले आणि खर्चापूर्वीचा परतावा दहा टक्के धरला (हा अंदाज केवळ हिशेबापुरता, बाजार असे वचन देत नाही), तर वर्षाला ०.२ टक्के खर्च असलेल्या फंडात सुमारे ६ लाख ४९ हजार होतात, आणि दीड टक्का खर्च असलेल्या फंडात सुमारे ५ लाख ११ हजार. एका लाखावर १ लाख ३८ हजारांचा फरक, म्हणजे मूळ गुंतवणुकीपेक्षाही जास्त रक्कम केवळ खर्चात गेली.

शेवटची तपासणी ट्रॅकिंग डिफरन्सची. निर्देशांकाने वर्षात १३.२ टक्के दिले आणि फंडाने १२.९, तर हा फरक ०.३ टक्के झाला. खर्चाखेरीज, युनिट विकणाऱ्यांसाठी बाजूला ठेवलेली रोकड, आणि निर्देशांकातील कंपन्या बदलतात त्या दिवशीची खरेदी-विक्री, यांमुळे तो पडतो. खर्च कमी दाखवणारा फंड इथे मागे पडलेला असू शकतो, म्हणून मी खर्चापेक्षा या आकड्याला अधिक महत्त्व देतो. सेबी या बाजार नियामक संस्थेच्या २०२२ च्या परिपत्रकानंतर कंपन्यांना तो एक, तीन, पाच आणि दहा वर्षांसाठी जाहीर करावा लागतो. फॅक्टशीटमध्ये, म्हणजे फंडाच्या माहितीपत्रकात, त्याच्या शेजारीच ट्रॅकिंग एरर नावाचा दुसरा आकडा असतो. तो फंड निर्देशांकाभोवती किती डगमगला ते सांगतो, किती मागे राहिला ते सांगत नाही. दोहोंची गल्लत करू नये. तुलना 'टीआरआय' असे लिहिलेल्या निर्देशांकाशी आहे ना, हेही पाहावे, कारण त्यात कंपन्यांनी वाटलेला लाभांश धरलेला असतो. टीव्हीवर दिसणाऱ्या निफ्टीत तो नसतो.

तीन-चार जुन्या फंडांचे पाच वर्षांचे आकडे एका कागदावर शेजारी-शेजारी लिहा, सर्वांत कमी फरकाचा घ्या आणि तो विषय तिथेच मिटवा. प्लॅन डायरेक्ट, पर्याय 'ग्रोथ', ज्यात नफा वाटला न जाता फंडातच राहतो. 'आयडीसीडब्ल्यू' या, म्हणजे पूर्वी लाभांश म्हणत त्या पर्यायात मिळणारी रक्कम तुमच्याच युनिटच्या किमतीतून वजा होऊन येते आणि वर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे करपात्रही ठरते.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. तुमचा पीएफ कापला जात असेल, तर ऑगस्ट २०१५ पासून भविष्य निर्वाह निधी संघटना नव्या जमेचा काही हिस्सा निफ्टी आणि सेन्सेक्सवर चालणाऱ्या ईटीएफमध्ये, म्हणजे शेअरसारख्या बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या इंडेक्स फंडांत, घालत आली आहे. तेव्हा ही वाट तुमच्या पैशाला अगदीच अनोळखी नाही.

भुसार व्यापारी, लातूर : तूर घेताना मी पोत्यात हात घालून दाणा पाहतो. इंडेक्स फंड मात्र चांगल्या-वाईट कंपन्या सरसकट घेतो. माती-खड्यासकट पोते उचलण्यापेक्षा निवडून देणारा फंड व्यवस्थापक काय वाईट?

आपला प्रश्न मला फार आवडला, कारण आक्षेप मुळापासूनचा आहे. निर्देशांक हा अगदीच न चाळलेला माल नाही. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैअखेरच्या आकडेवारीवरून, निफ्टीची चाळणी होते आणि मार्च व सप्टेंबरच्या अखेरीस बदल अमलात येतात. मात्र ही चाळणी आकाराची आहे, गुणाची नाही, हे मान्य केलेच पाहिजे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेबातील खोट कबूल केली, तेव्हा ती कंपनी निफ्टीतही होती आणि सेन्सेक्समध्येही. शेअरची तीन-चतुर्थांशाहून अधिक किंमत एका दिवसात गेली. काही दिवसांतच ती दोन्ही निर्देशांकांतून वगळली गेली, पण नुकसान आधीच होऊन गेले होते. इंडेक्स फंड खडा लागल्यावर बाहेर टाकतो, आधी ओळखत नाही. पन्नासांत एक खडा असल्याने दात मात्र वाचतो.

आता दुसरी बाजू पाहा. बाजार समितीत एका दिवशी आलेली सगळी तूर सगळ्या खरेदीदारांनी मिळून उचलली, तर त्यांच्या एकत्रित मालाची सरासरी प्रत ही आवकेच्या सरासरी प्रतीइतकीच असणार. कोणाला वरचा माल मिळाला, तर कोणाच्या तरी वाट्याला खालचा आला. शेअर बाजाराचेही तसेच आहे. निवडून घेणाऱ्या सगळ्यांची मिळून सरासरी बाजाराइतकीच येते, आणि निवडणाऱ्याची मजुरी वजा केली की ती बाजाराच्या खाली जाते. याचा अर्थ कोणीच पुढे जात नाही असा नव्हे. काही व्यवस्थापक जातात. पुढच्या पंधरा वर्षांत कोण जाईल ते आज ओळखणे, ही अडचण आहे. तुरीच्या दाण्याची आपल्याला तीस वर्षांची पारख असेल, पण फंड व्यवस्थापक पारखण्याचा अनुभव नव्या गुंतवणूकदाराकडे नसतो.

लहान कंपन्यांच्या बाबतीत मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. तिथे माहिती कमी जणांकडे असते आणि निवडीला वाव अधिक असतो. म्हणून माझा सल्ला मोठ्या कंपन्यांपुरताच आहे.

निवृत्त कर्मचारी, म्हापसा : निवृत्तीचे बारा लाख रुपये हाती आले आहेत. दोन वर्षांनी मुलीचे लग्न करायचे आहे. पोस्ट आणि बँकेच्या व्याजापेक्षा इंडेक्स फंडात जास्त मिळते असे ऐकतो. सगळी रक्कम एकदम घालावी का?

नाही. आपल्याला हे अगदी स्पष्ट शब्दांत सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. ८ जानेवारी २००८ रोजी निफ्टी सुमारे ६,२८७ वर बंद झाला आणि त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला सुमारे २,५२४ वर. त्या जानेवारीत घातलेले बारा लाख दिवाळीच्या सुमारास पाच लाखांच्याही खाली आले असते. ती जुनी पातळी निफ्टीने २०१० च्या नोव्हेंबरात शिवली खरी, पण ती कायमची मागे टाकायला २०१४ साल उजाडावे लागले. लग्नाची तारीख इतकी वर्षे थांबत नाही.

लग्नाची रक्कम बँकेच्या मुदत ठेवीतच असावी, आणि एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच ठेव विम्याचे संरक्षण आहे हे पाहून ती विभागावी. रोजच्या खर्चाला पूरक म्हणून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे तिमाही व्याज हा आपल्यासाठी भरवशाचा मार्ग आहे. हे सारे झाल्यावर आणि वर्षभराच्या औषधपाण्याची सोय बाजूला काढल्यावर, सात-आठ वर्षे ज्याची आठवणही काढावी लागणार नाही असे काही उरत असेल, तर तेवढेच इंडेक्स फंडात जावे. तेही एकदम न घालता वर्ष-दीड वर्षात समान हप्त्यांनी. ती रक्कम दीड-दोन लाखच निघाली, तरी वाईट वाटून घेऊ नये. काहीच उरले नाही, तर आपल्याला इंडेक्स फंडाची गरज नाही, आणि तसे असण्यात कमीपणा मुळीच नाही.

परिचारिका, नाशिक : दीड हजार रुपयांपासून सुरुवात करायची आहे. महिन्याची कोणती तारीख चांगली? ईटीएफ घ्यावा की इंडेक्स फंड? आणि बाजार पडला तर हप्ता थांबवायचा का?

तारखेने दीर्घ मुदतीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. पगार जमा झाल्यावर दोन-तीन दिवसांनंतरची तारीख ठेवा, म्हणजे खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत जाऊन बँकेचा दंड लागणार नाही. ईटीएफसाठी डीमॅट खाते लागते, बाजार चालू असताना शेअरसारखी खरेदी करावी लागते आणि उलाढाल कमी असलेल्या ईटीएफमध्ये खरेदी-विक्रीच्या भावांत अंतर पडते. तुमच्या रात्रपाळ्या सांभाळून हे करत बसण्यापेक्षा साधा इंडेक्स फंड बरा.

तिसरा प्रश्न मात्र खरा मोलाचा आहे. २३ मार्च २०२० रोजी निफ्टी एका दिवसात सुमारे तेरा टक्के कोसळून ७,६१० वर बंद झाला. जानेवारीत तो १२,३६२ वर होता. त्या संध्याकाळी माझ्या भाच्याचा फोन आला. त्याचा हप्ता २५ तारखेचा होता, नोकरीचे काय होणार ते माहीत नव्हते आणि उताऱ्यावर वर्षभराची गुंतवणूक तोट्यात दिसत होती. 'मामा, थांबवू का?' मी त्याला एवढेच विचारले, की घरात सहा महिने पुरतील इतके पैसे वेगळे ठेवलेले आहेत का. ते होते. मग थांबवू नकोस, असे मी सांगितले. बाजार दोन दिवसांत उसळेल की आणखी पडेल, याची मला त्या वेळी कसलीही कल्पना नव्हती. २५ तारखेला त्याला युनिट मिळाले, तेव्हा निफ्टी ८,३०० च्या आसपास होता. नोव्हेंबरात तो १२,४०० च्या पुढे गेला. २००८ सारखी वेळ असती, तर त्याला पुष्कळ जास्त थांबावे लागले असते, पण त्याने थांबण्याइतकी सोय आधीच करून ठेवली होती.

तुमच्या पत्रात अशा वेगळ्या ठेवलेल्या पैशांचा उल्लेख नाही. ते नसतील, तर आधी हे दीड हजार बँकेच्या आवर्ती ठेवीत जाऊ द्या. तीन-चार महिन्यांचा घरखर्च साठला की इंडेक्स फंडाचा हप्ता सुरू करा, आणि अर्ज भरताना नॉमिनीचे (नामनिर्देशित व्यक्तीचे) नाव घालायला विसरू नका.